गाजरगवतावर तरोट्याचा पहारा

आज आपण गाजरगवताबद्दल बोलू. जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही गावात जा, उकिरड्याजवळ, बांधावर, परसबागेच्या कुंपणाला हे पांढऱ्या फुलांचं तण दिसतंच. काँग्रेस गवत म्हणतात ते हेच. मूळ अमेरिका खंडातलं. आपल्याकडे १९५५च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली.

ते एवढं पसरतं कसं? एका झाडाला हजारो बिया धरतात. बी हलकं, वारा, पाणी, शेणखत, सगळ्यांबरोबर जातं. उगवल्यावर महिना-दीड महिन्यात फूल येतं. शिवाय ओल मिळाली की बारा महिने उगवतं, म्हणून केळीच्या बागेत ठिबकखाली उन्हाळ्यातही दिसतं. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्यानं अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात. परागानं काहींना दम्याचा त्रास होतो. हा त्रास निंदणी करणाऱ्या बायांनाही सोसावा लागतो.

आता उपाय. नुसतं उपटून भागत नाही, कारण मोकळी झालेली जागा गाजरगवतच पुन्हा पकडतं. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यायला हवी. इथे आपला तरोटा, म्हणजे टाकळा, कामी येतो. तोही एकवर्षायू, तोही भराभर वाढणारा. मृगाच्या आधी पडीक जागेत, रस्त्याकडेला त्याचं बी दाट फेकावं. पहिल्या पावसात तो दाटीनं उगवतो आणि खालच्या गाजरगवताच्या रोपांना ऊन मिळू देत नाही. कोवळ्या पाल्याची भाजी होते, हा वरचा फायदा.

पण तरोटाही तणच आहे, हे विसरायचं नाही. वाफ्यात, पिकात त्याला येऊ देऊ नये. पुढच्या वर्षीच्या बियाण्यापुरता एक तुकडा राखावा, बाकीचा शेंगा वाळायच्या आत कापावा. नाहीतर पहारेकरीच घरात शिरेल!

तरोट्यातून सुटलेलं गाजरगवत फुलण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावं. नुसतं कापलं तर बुडख्यातून पुन्हा फुटतं. फुलाआधीचं कंपोस्टला चालतं. फुलावर आलेलं मात्र उकिरड्यावर टाकू नये. त्या शेणखताबरोबर आपणच ते शेतभर पेरतो.

आणि हे एकट्यानं करून उपयोग नाही. शेजारच्या बांधावर फुललं, तर बी आपल्याकडे येणारच. तेव्हा जूनच्या आधी गल्लीनं, शिवारानं मिळून ठरवावं.