आमटी खारट झाली की...

मेथीची जुडी निवडून, चिरून कढईत टाकली की कढई काठोकाठ भरते. त्या ढिगाच्या अंदाजाने मीठ पडते आणि पाच-सात मिनिटांत भाजी आळून मूठभर उरते. मीठ मात्र तेवढेच राहते. आमटीचेही तसेच. सुरुवातीला बेताची लागणारी आमटी उकळत राहिली की पाणी उडते आणि खारटपणा वाढतो. पालेभाजीत मीठ ती आळल्यावरच घालावे, हा जुन्या सुगरणींचा दंडक शास्त्राला धरूनच आहे. नैवेद्याच्या स्वयंपाकात तर चव पाहायची सोय नसते, सगळी भिस्त हाताच्या अंदाजावर.

खारट आमटीत बटाटा सोडण्याचा उपाय मात्र फसवा आहे. बटाटा मीठ वेचून घेत नाही, खारट पाणी शोषतो. उरलेली आमटी जवळपास तेवढीच खारट राहते. फरक पडतो तो सोबत घातलेल्या भांडेभर पाण्याने. आमसूल, गूळ, लिंबू यांनी जिभेची समजूत निघते, पण वाटीतले सोडियम कणभरही घटत नाही. घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर खरी गोम इथेच आहे: चव सावरली म्हणून तो नेहमीइतकीच आमटी ओरपतो. त्यापेक्षा अळणी शिजवलेली डाळ मिसळून आमटी वाढवावी आणि दोन वेळांना पुरवावी.

एखाद्या दिवशी हात चुकला तर फारसे बिघडत नाही. काळजी आहे ती हात हळूहळू सैल होण्याची. वयानुसार जिभेची आणि त्याहून अधिक नाकाची संवेदना मंदावते. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनीही चव बदलते. आजींच्या हातचे सगळेच अलीकडे खारट लागत असेल, तर चेष्टेवारी न नेता डॉक्टरांच्या कानावर घालावे. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहूनही कमी मीठ खावे. त्यात लोणचे, पापड, फरसाण आणि पानात वाढलेले मीठही आले. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते. पोटॅशियम असलेले ‘लो सोडियम’ मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

मीठ एकदम तोडले तर चार दिवसांत घरात कुरबुर सुरू होते. चिमूट-चिमूट कमी केले तर काही आठवड्यांत जीभ रुळते, आणि मग शेजारून आलेली आमटी खारट लागू लागते.