७२ तासांचे औषध

‘एड्सवर औषध नाही’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की, संसर्गाचा धोका घडून गेल्यावरही तो टाळणारे औषध आहे असे सांगितले तर पुष्कळांना खरे वाटत नाही. असे औषध आहे. त्याला ‘पेप’ म्हणतात. मात्र ते घड्याळाकडे पाहून घ्यावे लागते. धोका घडल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू करायचे आणि २८ दिवस न चुकता घ्यायचे. हे घड्याळ पाळणे ज्यांना सर्वांत कठीण जाते, त्या आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरावरील मच्छीमारांची ही हकीकत.

हे औषध काम कसे करते?

एच.आय.व्ही.चा विषाणू शरीरात शिरला की लगेच सर्वत्र पसरत नाही. आधी तो आत शिरला त्या जागच्या पेशींत वाढतो आणि काही दिवसांनी रक्तात येतो. तेवढ्या अवधीत त्याची वाढ रोखली तर त्याला ठाण मांडता येत नाही. १९९८ साली माकडांवरील एका प्रयोगात २४ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस दिले, तेव्हा ती सर्व वाचली. ज्यांना उशिरा किंवा थोडेच दिवस औषध मिळाले, त्यांतील काहींना लागण झाली. म्हणून ७२ तास ही शेवटची मर्यादा समजावी; खरे तर पहिल्याच दिवशी औषध घेतलेले उत्तम. हल्ली त्यात तीन औषधे असतात, आणि पुष्कळ देशांत ती मिळून दिवसाला एकच गोळी मिळते.

सरोवराकाठचे अर्थकारण

व्हिक्टोरिया सरोवर युगांडा, केनिया आणि टांझानिया या तीन देशांत पसरले आहे. त्याच्या काठच्या कासेन्सेरो या युगांडातील मासेमारी गावात १९८२ साली त्या देशातील एड्सचे पहिले रुग्ण आढळले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत राकाई भागातील मच्छीमार वस्त्यांत सुमारे ४० टक्के प्रौढांना लागण झालेली दिसली. शेजारच्या शेतकरी गावांत हे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होते.

एवढा फरक का? मासळी जिकडे, तिकडे मच्छीमार जातात. घर मागे राहते आणि रोजची कमाई रोख हातात येते. किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या बायकांकडे स्वतःची होडी नसते. आपल्या कोळीवाड्यात घरच्या होडीची मासळी घरची कोळीण विकते आणि पैसाही बहुधा तिच्याच हाती असतो. तिथे मात्र बाईला परक्या होडीवाल्याकडून माल घ्यावा लागतो, आणि माल कमी पडला की पैशांबरोबर शरीराचीही मागणी होते. केनियात या व्यवहाराला ‘जाबोया’ असे नावच पडले आहे. तेथील न्दुरू बीच गावात काही बायकांनी स्वतःच्या होड्या मिळवून यातून सुटका करून घेतली होती. पण २०२० च्या पुराने ते गावच उद्ध्वस्त झाले.

गोळी किनाऱ्यावर आली पाहिजे

आता घड्याळाचा विचार करा. मच्छीमार रात्रभर पाण्यावर असतो आणि दिवसा झोपतो. दवाखाना नेमका दिवसा उघडा असतो, कधी कधी तर तो दुसऱ्या बेटावर असतो. तिथे जायचे म्हणजे होडीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि वर चारचौघांत ओशाळवाणे होणे. एवढ्यात तिसरा दिवस मावळतो.

म्हणून २०१८-१९ मध्ये केनिया आणि युगांडाच्या ग्रामीण भागात एक प्रयोग झाला. दूरध्वनीवर सल्ला, सोयीची वेळ आणि दवाखान्याबाहेर, रुग्णाला सोयीच्या जागी भेट, अशी व्यवस्था केली. १२४ जण आले. त्यांतले सुमारे ४० टक्के मच्छीमारी करणारे होते. बहुतेकांनी औषधाचा क्रम पुरा केला आणि कोणालाही लागण झालेली आढळली नाही. संख्या लहान आहे हे खरे. परंतु २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हे औषध दवाखान्याबाहेर, वस्तीत द्यावे अशी शिफारस केली.

आपण काय लक्षात ठेवावे?

आपल्या मंडळात डॉक्टर, नर्सेस आणि दंतवैद्य पुष्कळ आहेत. सुई टोचणे, निरोध फाटणे, अत्याचार, यांपैकी काहीही कोणाच्याही वाट्याला येऊ शकते.

ब्रिटनमध्ये हे औषध सेक्शुअल हेल्थ क्लिनिकमध्ये विनामूल्य मिळते. रात्री किंवा सुटीच्या दिवशी इस्पितळाच्या ए अँड ई विभागात जावे. जी.पी.च्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. भारतात असाल तर सरकारी रुग्णालयातील ए.आर.टी. केंद्रात चौकशी करावी किंवा १०९७ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला घ्यावा.

औषध सुरू करताना एच.आय.व्ही.ची तपासणी होते. ते संपल्यावर पुन्हा करावी लागते. मळमळ, डोकेदुखी झाली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नये. आणि पेप म्हणजे शंभर टक्के हमी नव्हे, हेही ध्यानात असावे.

घरातील तरुण मुलामुलींना हे एकदा सांगून ठेवा. सांगताना जरा संकोच वाटेल. पण व्हिक्टोरियाकाठच्या माणसाला दवाखाना दूर म्हणून उशीर होतो. आपल्याला तो जवळ असूनही केवळ लाजेपायी उशीर होऊ नये, एवढीच विनंती.