आजारातून उठणारे मांजर

मजूर चळवळीतल्या माणसाने मांजराच्या शुश्रूषेवर बोलावे याचे काहींना हसू आले असेल. पण आमच्या नगरात (आता अहिल्यानगर म्हणायचे) विडी कामगारांच्या घरात मांजर हे चैनीचे जनावर नाही. घरात पान-तंबाखूची पोती, धान्याचे डबे आणि त्यामागे उंदीर. तेव्हा मांजर हे घरातले काम करणारे माणूसच असते. ते आजारी पडले, त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, की घरची बाई रोजाच्या हजार विड्या पुऱ्या करायच्या की त्याच्याजवळ बसायचे या पेचात पडते. दवाखान्यातले काम तासाभरात उरकते. खरे काम पुढचे दहा-चौदा दिवस आपल्या घरी असते.

आपला जिल्हा दुधाचा आणि उसाचा. जनावरांचा दवाखाना म्हटले की गाय, बैल, शेळी एवढेच डोळ्यांपुढे येते. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ उभे राहिले आणि १८८६ साली तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा आला १९४८ साली. गिरणगावातल्या बैलाची सोय बासष्ट वर्षे आधी झाली! असो, त्यात बैलाचा दोष नाही.

मांजर भूल उतरत असताना घरी येते तेव्हा घरचे घाबरतात. डोळे उघडे, नजर शून्य, पाय लटपटणारे. भुलेच्या काही औषधांनी डोळे उघडेच राहतात. त्याला पाहून रडू नये. त्याचे अंग मात्र गार पडते. म्हणून फरशीवर नव्हे, पोत्यावर जुने लुगडे घालून जमिनीलगत निजवावे. माळ्यावर किंवा खाटेवर ठेवू नये, तोल जाऊन पडते. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी किंवा दूध ओतू नये. ते फुप्फुसात जाते. मांजर आपली पिले सात घरी फिरवते, तसे आजारी मांजर स्वतःलाच फिरवते आणि अंधाऱ्या सांदीत जाऊन बसते. त्यापेक्षा दार बंद होणारा एक कोपरा आपणच द्यावा. घरात दुसरे मांजर असेल तर ते फिसकारते, कारण आलेल्या मांजराला दवाखान्याचा वास असतो. दोन दिवस दोघांना वेगळे ठेवावे.

आता औषधाविषयी. हा भाग आम्ही मुद्दाम सावकाश सांगतो. तापाची, डोकेदुखीची जी गोळी आपण सर्रास घेतो, ती पॅरासिटामॉल, मांजराला विष आहे. माणसाचे यकृत ती ज्या मार्गाने निकामी करते तो मार्ग मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. रक्त प्राणवायू वाहण्याचे काम सोडते, हिरड्या तपकिरी-निळ्या होतात, तोंड सुजते, धाप लागते. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराला मारण्यास पुरेशी आहे. आमच्या माहितीच्या एका घरी म्हातारीने 'लेकरू कण्हतंय' म्हणून गोळीचा तुकडा दुधातून दिला. मांजर दुसऱ्या दिवशी गेले. म्हातारीच्या मनात माया होती, वैर नव्हते, पण तिला कोणी सांगितलेच नव्हते. तसेच फिनेलने पुसलेली फरशी. मांजर पाय चाटते आणि फिनेल पोटात जाते. आणि विडी वळणाऱ्या भगिनींनो, सुपातला तंबाखूही. त्याची धूळ अंगावर बसली की मांजर अंग चाटताना ती गिळते. धडधाकट मांजरालाही ती बाधते, आजाऱ्याची काय कथा. निदान टाके निघेपर्यंत सूप एका खोलीत आणि मांजर दुसऱ्या खोलीत. खोली एकच असेल, तर मधे पडदा तरी बांधावा. हे सोपे नाही, हे आम्ही जाणतो.

डॉक्टरांनी दिलेली गोळी द्यायची तर मांजराला पंचात गुंडाळावे, डोके तेवढे बाहेर. गोळी जिभेच्या मुळाशी ठेवावी आणि नंतर पिचकारीने थोडे पाणी पाजावे. कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटते. काही गोळ्यांनी तेथे व्रण पडतात. चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि श्वानदंशाच्या लसीसाठी सरकारी दवाखाना गाठावा. मांजर घरचेच आहे म्हणून थांबू नये.

खाणे हा सर्वांत कठीण भाग. माणूस दोन दिवस लंघन करतो तेव्हा आपण म्हणतो पोटाला विश्रांती. मांजराचे तसे नाही. त्यातही लठ्ठ मांजर तीन-चार दिवस उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात साठते, कावीळ होते, आणि मूळ आजार बरा होऊनही मांजर दगावते. एक दिवस काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांना कळवावेच. मांजर वासावर जेवते, म्हणून उकडलेली कोंबडी किंवा मासळी कोमट करून द्यावी. मीठ, कांदा, लसूण नको. कांदा-लसणाने त्याचे रक्त नासते. दुधाने पुष्कळ मोठ्या मांजरांना ढाळ लागते.

जखम दिवसातून दोनदा पाहावी. किंचित सूज चालते. पू, दुर्गंधी, उसवलेला टाका चालत नाही. हळद-तेल लावू नये, मांजर ते चाटून जखम आणखी उकरते. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचा प्रश्न उंदरांना सुटला नाही. आपल्याला मात्र गळ्यात कॉलर बांधावीच लागते. मांजर उलटे चालते, भिंतीला आपटते, रुसते. दया येऊन ती काढू नये. बोका वारंवार मातीत बसतो आणि लघवी होत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

हे सारे एकट्या बाईवर पडू नये. आम्ही घरोघर एकच सांगतो: कारखान्यासारख्या पाळ्या लावा. शाळेतली मुलगी सकाळी, नवरा रात्री, शेजारीण दुपारी. भिंतीवर एक कागद लावा. खाल्ले किती, लघवी, शौच, गोळी, वेळ. मस्टरच म्हणा. दवाखान्यात 'बरंच आहे जरा' यापेक्षा हा कागद दाखवला तर डॉक्टरांना चटकन उमजते. परिस्थिती बिघडली तर खर्च किती, आशा किती, हेही त्यांना स्पष्ट विचारावे; पैसे नाहीत हे सांगण्यात लाज कसली? शासनाचा १९६२ हा क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी आहे, तोही त्या कागदावर वर लिहून ठेवा.