एका कारखान्यामागे ८४

देशातले नोंदणीकृत कारखाने सेकंदाला एक या वेगाने, न झोपता मोजायला बसलात तर पावणेतीन दिवसांत मोकळे व्हाल. २०१५-१६च्या उद्योगांच्या वार्षिक पाहणीत ते साधारण २ लाख ३३ हजार भरले. त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणीने असंघटित धंद्यांच्या संख्येचा अंदाज काढला. त्यातले वस्तू बनवणारेच निघाले १ कोटी ९७ लाख. ते मोजायला साडेसात महिने लागतील. एका कारखान्यामागे ८४!

माणसांचा फरक एवढा नाही. कारखान्यांत १ कोटी ४३ लाख, बाहेर ३ कोटी ६० लाख. म्हणजे कारखान्यात सरासरी ६१ माणसं आणि बाहेरच्या धंद्यात पुरती दोनही नाहीत, १.८. वीज वापरणाऱ्यांसाठी १९४८च्या कारखाना कायद्याची मूळ मर्यादा १० कामगारांची होती. ती चुकवायला मालक नवावर थांबत, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. थांबलेही असतील काही. पण नवरा, बायको आणि एक शिलाई मशीन, यांनी कोणाला चुकवायचं?

हे सगळेच धंदे रानोमाळ विखुरलेले नसतात. काही मोठ्यांच्या कुशीत असतात. पिंपरी-चिंचवडला मोठे वाहन कारखाने आले आणि भोसरीच्या गाळ्यांत लेथ फिरू लागले. मोठी कंपनी सुटा भाग व्हेंडरकडून घेते, व्हेंडर त्यातलं टर्निंग, ड्रिलिंग किंवा बफिंग जॉबवर्कवर बाहेर देतो. माल सकाळी चलनावर येतो, संध्याकाळी टेम्पोत परत. रिजेक्शन निघालं तर त्याच दिवशी फोन. पन्नास किलोमीटरवर बसून हे जमत नाही. सुट्या कामाची मजुरी भाड्यातच जाईल. शिवाय टूल घासून देणारा, मोटर भरून देणारा, पैसे अडकले तर धातूचा बार उधार देणारा, सगळे हाकेच्या अंतरावर लागतात. आणि फिटर मोठ्या कारखान्यात हात बसवतो, मग शेजारीच स्वतःचा गाळा घेतो.

धारावीत तर सुमारे अडीच चौरस किलोमीटरांत १५ हजार एकखोली कारखाने असल्याचा अंदाज नेहमी दिला जातो. एकरी २४! तिथली चामड्याची पाकिटं आणि पट्टे मोठ्या दुकानांत दुसऱ्याच नावाने विकले जातात. विक्री दुकानाच्या खात्यात नोंदली जाते, शिवणारा असंघटित धंद्यांच्या पाहणीत मोजला जातो.