दुरुस्तीच्या टेबलावरचे भांडवल

नोकरी सोडून धंदा म्हटले की आम्हा पगारदारांच्या घरात पहिला प्रश्न निघतो, भांडवल कुठून आणायचे? रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या नोकरीला लागले. १९९० साली ती सोडून त्यांनी १५ हजार रुपयांत स्वतःचे दुकान थाटले. धाकटे बंधू संजय यांना मात्र संगणकाचे शिक्षण घ्यायला लावले. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असत. संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातूनच 'क्विक हील' उभी राहिली. बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा आला तो २०१० साली.

आमच्या मुलामुलींनी नोकरी सोडावीच, असे आम्ही म्हणत नाही. पण सोडायची तर हाती कसब हवे, रोजची मिळकत हवी आणि घरातल्या धाकट्याचे शिक्षण थांबता कामा नये.