अशांत प्रदेशात एचआयव्ही का पसरतो? ईशान्य भारताचा धडा



आपल्या देशात एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे. म्हणून हा आजार म्हटला की आपल्याला मुंबई, महामार्ग आणि ट्रकचालक आठवतात. पण संख्या आणि प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2021 च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण 0.21 टक्के होते. मिझोराममध्ये ते 2.70 टक्के, नागालँडमध्ये 1.36 टक्के आणि मणिपूरमध्ये 1.05 टक्के होते. देशातील पहिली तिन्ही राज्ये ईशान्येतील आहेत. मिझोराम व नागालँडमध्ये बहुसंख्य लोक आदिवासी आणि ख्रिस्ती आहेत, तर मणिपूरच्या डोंगराळ भागातही हेच चित्र आहे. आपण ज्यांच्यासाठी प्रार्थना करतो, त्यांच्या घरातला हा प्रश्न आहे.

सुरुवात कशी झाली?

म्यानमारच्या सीमेवर मोरे नावाचे गाव आहे. तेथून रस्ता इम्फाळला जातो आणि पुढे कोहिमा, दिमापूरला. सीमेपलीकडच्या डोंगरांत अफू पिकते, तिचे हेरॉइन होते आणि याच वाटेने ते आत येते. 1980 च्या दशकात मणिपूरच्या तरुणांना ते स्वस्तात आणि सहज मिळू लागले. दशकाच्या अखेरीपर्यंत अनेक जण ते सुईने टोचून घेत होते.

1989 च्या मध्यापर्यंत या तरुणांच्या तपासण्यांत एचआयव्ही आढळत नव्हता. त्यानंतर वर्षभराच्या आतच तपासलेल्यांपैकी जवळपास निम्मे बाधित निघाले. एवढा वेग का? कारण एकाच सुईने चौघांनी टोचून घेतले, तर पहिल्याच्या रक्ताचा अंश पुढच्या तिघांच्या रक्तात थेट जातो. विषाणूला याहून सोपी वाट नाही.

आजार तिथेच थांबला नाही. मणिपूरमध्ये बाधित पतींच्या पत्नींची तपासणी झाली, तेव्हा सुमारे 45 टक्के पत्नीही बाधित आढळल्या. ज्यांनी कधी सुई हातात धरली नव्हती, अशा या स्त्रिया होत्या. त्यांच्यामागून त्यांच्या बाळांचा प्रश्न आला.

अशांतता नेमके काय करते?

गोळीबाराने एचआयव्ही होत नाही, हे आधी स्पष्ट करू. 2007 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आफ्रिकेतील सात देशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. युद्धामुळे एचआयव्हीचे प्रमाण हमखास वाढते, असा पुरावा त्यात मिळाला नाही. अंगोलात दीर्घकाळ यादवी चालली, तरी शेजारच्या देशांपेक्षा तेथील प्रमाण कमी राहिले. रस्ते बंद असले की माणसे फिरत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर फिरणारा विषाणूही अडकतो. म्हणजे अशांततेचा परिणाम त्या-त्या ठिकाणच्या परिस्थितीवर ठरतो. ईशान्येत ती परिस्थिती विषाणूला अनुकूल होती. त्यातल्या चार गोष्टी समजून घेऊ.

पहिली, चोरटा व्यापार. जिथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तिथे अमली पदार्थांचा धंदा फोफावतो.

दुसरी, भीती. मणिपूरमध्ये व्यसनी तरुणांना एकीकडून पोलिसांची धास्ती होती, तर दुसरीकडून काही सशस्त्र गट त्यांना गोळ्या घालून ‘शिक्षा’ देत. खिशात सिरिंज सापडणे हाच पुरावा ठरे. मग कोणी स्वतःची सुई बाळगत नसे. आडोशाला जे हाती लागेल त्याने सर्व जण टोचून घेत. व्यसन थांबावे म्हणून दाखवलेला धाक आजार पसरवून गेला.

तिसरी, तरुणांची कोंडी. संचारबंदी, बंद आणि बेरोजगारी यांत वाढणाऱ्या मुलांपुढे दिवस कसा काढायचा हाच प्रश्न असतो.

चौथी, सेवेत पडणारा खंड. दवाखाना आहे, पण तिथपर्यंत जाता येत नाही. 2011 मध्ये मणिपूरचे महामार्ग शंभराहून अधिक दिवस रोखले गेले होते.

मिझोरामचे उदाहरण आणखी विचार करायला लावते. 1986 च्या करारानंतर तेथे शांतता आहे, तरीही प्रमाण सर्वाधिक आहे आणि वाढतही गेले: 2017 मध्ये 2.04, 2019 मध्ये 2.32, 2021 मध्ये 2.70. घरात शांतता असली तरी सीमेपलीकडची अशांतता अमली पदार्थांच्या रूपाने दारात येते. आज तेथे बहुतेक लागण लैंगिक संबंधांतून होते आणि त्याखालोखाल सुईतून. एका गटात शिरलेला आजार सर्वसामान्य कुटुंबांत पोहोचतो तो असा.

औषध चुकले तर

1 एप्रिल 2004 रोजी सरकारने मोफत एआरटी उपचार सुरू केले, तेव्हा पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्राबरोबर मणिपूर आणि नागालँडही होते. हे औषध रोज घेतले की विषाणू दबून राहतो, माणूस काम करतो, संसार करतो. रक्तातला विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही.

पण औषधात खंड पडला की विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि कधी कधी औषधालाच दाद देईनासा होतो. मे 2023 मध्ये मणिपूरमध्ये हिंसाचार उसळला आणि साठ हजारांवर माणसे विस्थापित झाली. अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडताना गोळ्यांची बाटली कोण घेणार? कुकी-झो रुग्णाला इम्फाळच्या मोठ्या रुग्णालयात जाता येईना, मैतेई रुग्णाला डोंगराकडे जाता येईना. छावणीत शेकडो लोकांच्या देखत गोळी घेणे म्हणजे आपला आजार जाहीर करणे. काही जण त्यापेक्षा गोळी न घेणे पसंत करतात.

काय उपयोगी पडते?

उपाय माहीत आहेत. मणिपूरने 1996 मध्येच आपल्या एड्स धोरणात स्वच्छ सुया देण्याचा मार्ग स्वीकारला. देशात असे करणारे ते पहिले राज्य. सुई वाटणे म्हणजे व्यसनाला उत्तेजन, असे अनेकांना वाटले, मंडळ्यांतही वाटले. पण सुई घ्यायला येणारा तरुण त्या निमित्ताने तपासणीपर्यंत, पुढे जिभेखाली ठेवण्याच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीपर्यंत आणि कधी व्यसनमुक्तीपर्यंत पोहोचतो. मेलेला तरुण कुठेच पोहोचत नाही. इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या ख्रिस्ती संस्थेने मणिपूर व नागालँडमध्ये ‘ऑर्किड’ प्रकल्पातून हेच काम केले.

अशांत काळासाठी आणखी दोन गोष्टी लागतात. रुग्णाला एका महिन्याऐवजी तीन महिन्यांची औषधे एकदम हाती देणे, आणि तो जिथे आसरा घेईल तिथल्या केंद्रात त्याला औषध मिळण्याची सोय करणे.

आपण काय करू शकतो?

ईशान्येतील अनेक तरुण-तरुणी शिक्षणासाठी व नोकरीसाठी मुंबई-पुण्यात येतात. आपल्या उपासनेत शेवटच्या बाकावर त्यांच्यापैकी कोणी बसलेले असेल. त्यांना घरी जेवायला बोलवा. ती मुले ईशान्येची आहेत म्हणून त्यांच्याविषयी तर्क मात्र करू नका. कोणी विश्वासाने आपला आजार सांगितला, तर तो दुसऱ्याला सांगू नका, प्रार्थनेच्या निमित्तानेही नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बाधित व्यक्तीशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे आणि तिची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही तिला दिला आहे. 1097 या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. तो क्रमांक मंडळीच्या सूचनाफलकावर लावा.

‘हे त्यांनीच ओढवून घेतले’ असे म्हणण्याआधी त्या 45 टक्के पत्नींची आठवण ठेवू या. आणि ज्याने खरोखरच स्वतः ओढवून घेतले, त्यालाही उद्याची गोळी वेळेवर मिळायला हवीच.