दुरंगी अंगठी आणि पॉलिशची घाई

साखरपुड्याची पिवळी-पांढरी दुरंगी अंगठी वर्ष-दोन वर्षांत पांढऱ्या बाजूने पिवळसर दिसू लागली, की ग्राहक सांगलीच्या विश्रामबागेतला असो वा मुंबईचा, पहिला संशय सराफावर जातो. बहुतेक वेळा तो अनाठायी असतो. पॅलेडियम किंवा निकेल मिसळून सोने फिके करता येते, पण चांदण्यासारखे शुभ्र होत नाही; तो रंग वरच्या रोडियमच्या मुलाम्याचा. हा थर बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, त्यामुळे तळहाताकडच्या बाजूने तो आधी झिजतो. हॉलमार्कमधला ७५० हा आकडा हजार भागांत ७५० भाग सोने असल्याची खात्री देतो, मुलाम्याच्या आयुष्याची नाही. तेव्हा रंग उडण्यात फसवणूक नाही. चूक होते ती पुढे, दर लग्नसराईला अंगठी पॉलिशला टाकण्यात.

रोडियम ओरखडे भरून काढत नाही, उलट ते लखलखीत करून दाखवते. म्हणून मुलाम्याआधी अंगठी बफावर घासावी लागते आणि त्यात खरे सोने जाते. किती, ते दिसत नाही. पण जाते याचा पुरावा सांगली जिल्ह्याइतका दुसरीकडे क्वचितच सापडेल. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली गलाई कारागिरांची कुटुंबे देशभरच्या सराफ पेठांत सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात आहेत. पेढीवरची झाडलोट आणि पॉलिशची धूळसुद्धा गाळायला जाते. त्या धुळीत सोने नसते, तर ती कुणी गाळली असती? ‘पॉलिश फुकट’ या पाटीकडे या नजरेने पाहावे.

यावर कुणी म्हणेल, रोडियम सोन्यापेक्षा कितीतरी कठीण, मग जास्त थर म्हणजे जास्त संरक्षण नाही का? थर नुसता चढला असता तर म्हणणे पटले असते. पण प्रत्येक थराआधी घासणी येते, आणि खडा धरणारे बारीक काटे त्यातच बोथट होतात. दुरंगी अंगठीत आणखी एक मेख आहे. विजेच्या द्रावणात मुलामा उघड्या धातूवर सगळीकडे बसतो. पिवळा भाग आधी लॅकरने झाकावा लागतो, नाहीतर पांढऱ्या भागापुरताच पेनने मुलामा द्यावा लागतो. घाईत हे काम बिघडते. पांढरा भाग प्लॅटिनमचा असेल, तर रंगासाठी मुलाम्याची गरजच नाही.

पुष्कळदा अंगठी झिजलेली नसते, मळलेली असते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरतो. मोती किंवा पाचू असेल तर भिजत घालू नये. कणीक मळताना अंगठी काढावी, ब्लीचिंगच्या पाण्यापासून जपावी. रंगातला फरक खरोखर खुपू लागला तरच पॉलिशला द्यावी, आणि तेव्हा आधीचे व नंतरचे वजन मिलिग्रॅमपर्यंत पावतीवर लिहून घ्यावे. आतली बाजू घासू नका, असेही सांगावे. हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक तिथेच कोरलेला असतो.